आवाज कुठे फाटतो : घरातल्या ध्वनिक्षेपकाचा एक छोटा इतिहास

‘आवाज फाटणे’ हा मराठीतला जुना वाक्प्रयोग आहे. गायक आपल्या गळ्याच्या कुवतीपलीकडचा स्वर घेऊ पाहतो तेव्हा त्याचा आवाज फाटतो; सभेत ओरडून बोलणाऱ्या वक्त्याचाही फाटतो. घरात रेडिओ आला तेव्हा त्याच्यासाठी वेगळा शब्द शोधण्याची गरज कोणाला भासली नाही. रेडिओचा कान जास्त पिळला की ‘आवाज फाटतोय, कमी कर’ असे घरातले वडीलधारे माणूस म्हणे, आणि त्या एका वाक्यात एक शास्त्रीय निदान व एक आज्ञा अशा दोन्ही गोष्टी येत. पारिभाषिक मराठीत या घटनेला विरूपण म्हणता येईल. पण ‘फाटणे’ हा शब्द अधिक नेमका आहे, कारण ध्वनिक्षेपकाच्या बाबतीत तो अक्षरशःही खरा ठरू शकतो. ध्वनिक्षेपकात कागदाचा एक शंकू असतो, आणि अतिरेक झाला तर तो खरोखरच फाटतो.

घरातला ध्वनिक्षेपक न फाटता किती मोठ्याने वाजू शकतो, हा प्रश्न वरवर तंत्रज्ञांचा वाटतो. आमच्या मते तो सांस्कृतिक इतिहासाचाही आहे. घरात किती मोठा आवाज असावा, त्याची मर्यादा कोणी ठरवावी आणि ती ओलांडली गेल्याचे कसे कळावे, या तीन गोष्टींची उत्तरे गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्याकडे बदलत गेली. या लेखात त्या बदलाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी आम्ही पुण्याच्या पश्चिमेकडील औद्योगिक पट्टा आणि त्यातले ताथवडे हे ठिकाण डोळ्यांपुढे ठेवले आहे. घरगुती आवाजाची यंत्रे एकेकाळी याच पट्ट्यात तयार होत होती. कारखान्यातले काम आणि घरातले ऐकणे या दोहोंचा संबंधही इथे चांगला दिसतो. आणि या इतिहासाचा सर्वांत अलीकडचा टप्पा ताथवड्याच्या उंच इमारतींमधून ऐकू येतो.

आरंभ अर्थातच तबकडीपासून करावा लागेल. ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कोलकात्यात आले आणि हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणाला सुरुवात झाली. पुढच्या काही वर्षांतच महाराष्ट्रातले गायक-नट तबकड्यांवर आले. या पहिल्या काळात वीज कुठेच नव्हती. गायक एका कर्ण्याच्या तोंडाशी गात असे. त्याच्या श्वासाच्या दाबानेच सुई हलत असे आणि मेणावर रेघ उमटत असे. घरी ऐकतानाही तोच प्रवास उलट दिशेने होई : रेघेवरून सुई, सुईवरून पडदा, पडद्यापासून कर्णा. ‘कर्णा’ हा शब्द इथे लक्षात घेण्याजोगा आहे. तो मुळात एका रणवाद्याचा. पुढे ग्रामोफोनच्या नरसाळ्याला आणि त्यानंतर गावच्या देवळावरच्या ध्वनिक्षेपकालाही तोच चिकटला. ‘भोंगा’ या शब्दाचाही प्रवास असाच गिरणीपासून तबकडीपर्यंत झाला आहे.

या यंत्राला आवाज लहान-मोठा करण्याची खुंटी नव्हती. आवाजाची उंची तबकडीतच कोरलेली असे. ऐकणाऱ्याच्या हाती एकच उपाय होता, तो म्हणजे सुई बदलणे. जाड सुई मोठा आवाज देई, बारीक सुई मंद. बाजारात मोठ्या, मध्यम आणि हळू आवाजाच्या सुया वेगवेगळ्या डब्यांत मिळत. पण फाटण्याचा धोका ऐकणाऱ्याच्या घरात कमी आणि मुद्रणाच्या खोलीत अधिक होता. गायकाने तार षड्जावर जोर दिला की मेणातली सुई आपली वाट सोडून भरकटे आणि ती जागा कायमची बिघडे. म्हणून जोरकस स्वरापूर्वी गायकाला कर्ण्यापासून किंचित मागे ओढण्याची रीत होती, आणि हळुवार जागेसाठी पुढे ढकलण्याची. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकडीवर आज आपण जो ‘दमदार’ किंवा ‘चिरका’ स्वर ऐकतो, त्यातला किती गायकाचा आणि किती कर्ण्याचा, हे ठरवणे अवघड आहे. नाट्यसंगीतावर लिहिणाऱ्या अभ्यासकांना हा प्रश्न टाळता येत नाही. त्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

१९२५ साली दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण व्यवहारात आले, आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकावरचा आपला निबंध सादर केला. चुंबकाच्या फटीत तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू आणि भोवती लवचीक कड अशी ही रचना. वेटोळ्यातून संगीताचा विद्युतप्रवाह गेला की ते पुढे-मागे सरकते, शंकू हवा ढकलतो आणि आपल्याला स्वर ऐकू येतो. शंभर वर्षे झाली तरी आपल्या घरातल्या बहुतेक ध्वनिक्षेपकांची मूळ रचना हीच आहे. त्यांच्या मर्यादाही त्यामुळे त्याच आहेत, आणि त्या आधी समजून घेतल्यास पुढचा इतिहास वाचणे सोपे होईल.

पहिली मर्यादा हालचालीची. वेटोळे चुंबकाच्या फटीत जेवढे अंतर सरळ सरकू शकते तेवढेच. त्यापुढे गेले की ते चुंबकीय क्षेत्राच्या बाहेर पडू लागते आणि कडही ताणली जाते. मग आत आलेल्या प्रवाहाच्या प्रमाणात शंकू हलत नाही, आणि मूळ स्वरात नसलेले स्वर ऐकू येऊ लागतात. खर्जाच्या स्वरांना ही मर्यादा फार लवकर येते. आवाजाची उंची तीच ठेवून स्वर एक सप्तक खाली नेला तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. शंभर कंपनांच्या स्वराला एक मिलिमीटर पुरत असेल, तर पन्नास कंपनांना चार आणि पंचवीस कंपनांना सोळा मिलिमीटर लागतील. तबल्याची चाट कितीही कडक असली तरी लहान ध्वनिक्षेपक ती निभावून नेतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याला मात्र तो हात टेकतो.

दुसरी मर्यादा उष्णतेची. घरगुती ध्वनिक्षेपकाला दिलेल्या विजेपैकी साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी भाग ध्वनीत रूपांतरित होतो. उरलेली सारी वीज वेटोळे तापवण्यात जाते. तांबे तापले की त्याचा विरोध वाढतो. तपमान दोनशे अंशांनी वाढले तर तो जवळपास पावणेदोन पट होतो. म्हणजे आपण खुंटी पिळत राहतो, पण आवाज त्या मानाने वाढत नाही. तिसरी मर्यादा वर्धकाची. त्याला मिळणाऱ्या विद्युतदाबाहून उंच लाट तो उभी करू शकत नाही. लाटेचा माथा तिथे कापला जातो, आणि कापलेल्या माथ्याचा आवाज कानाला खरखरीत, दातेरी लागतो.

आता किती मोठा आवाज, हे आकड्यांत पाहू. घरगुती ध्वनिक्षेपक एक वॉट विजेवर एक मीटर अंतरावर साधारण ८५ ते ९० डेसिबल आवाज देतो. वीज दुप्पट केली तर ३ डेसिबल वाढतात, दसपट केली तर १०. आणि कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे आवाज दुप्पट वाटण्यासाठी वीज दसपट हवी, चौपट वाटण्यासाठी शंभरपट. घरात आपण जे ऐकतो ते बहुधा ७० डेसिबलच्या आगेमागे असते आणि त्याला एक वॉटदेखील पुरतो. तरीही मोठा वर्धक लागतो तो सरासरीसाठी नव्हे, तर शिखरांसाठी. ख्यालगायनाच्या चांगल्या मुद्रणात समेवरची थाप सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबलनी वर उडी घेते; त्या क्षणापुरती तीस ते शंभरपट वीज लागते. आवाज आधी फाटतो तो तिथेच. सतत चालणारा स्वर शाबूत असतो आणि थाप मात्र चपटी होते.

हे लक्षात घेऊन रेडिओकडे वळू. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले; पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी. फिलिप्स कंपनीने १९४८ साली कोलकात्यात रेडिओ बनवायला सुरुवात केली आणि १९५९ साली आपला दुसरा रेडिओ-कारखाना पुण्याजवळ काढला. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा वर्धक चार-पाच वॉटांहून मोठा क्वचितच असे. मग तो एवढा भरदार कसा वाटे? त्याचा शंकू हलका आणि मोठा होता, म्हणून थोड्या विजेवर तो बराच आवाज देई. एक वॉटला ९२ डेसिबल धरले, तर चार वॉटला ९८ होतात. दिवाणखान्याला ते पुरून उरतात. शिवाय मध्यम लहरींवरच्या प्रसारणात अगदी तीव्र स्वर येतच नसत, आणि पाठीमागून उघड्या लाकडी पेटीत खोल खर्ज आपोआप विरून जाई. थोडक्यात, त्या यंत्राला झेपणार नाही असे काही त्याच्याकडे मागितलेच जात नव्हते. त्यातून व्हॉल्व्हचा स्वभाव असा की तो लाटेचा माथा एकदम कापत नाही, हळूहळू दाबतो. त्यामुळे त्याचे फाटणे अचानक येत नसे. आधी आवाज जाडसर होई, मग घोगरा, आणि मग फाटे. घरातल्या माणसाला सावध व्हायला वेळ मिळे.

या मोठ्या आवाजाला त्या काळात एक सामाजिक अर्थही होता. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले. ग. दि. माडगूळकरांची गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत, दर आठवड्याला एक नवे गीत, अशी छप्पन्न गीते वर्षभर चालली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, हे अनेकांच्या आठवणींत नोंदले गेले आहे. रेडिओ विकत घ्यावा लागे, वर दरवर्षी परवान्याचे शुल्क भरावे लागे. तो प्रत्येक घरात नव्हता. ज्याच्याकडे होता त्याने आवाज मोठा ठेवला तर तो वाड्यातल्या आणि चाळीतल्या इतरांवर उपकारच होता. ‘जरा मोठ्याने लावा’ अशी शेजाऱ्याची विनंती येई. आवाजाची वरची मर्यादा होती ती यंत्राची : फाटू लागला की थांबायचे, कारण फाटलेले कोणालाच ऐकायचे नव्हते. मोठेपणा आणि स्पष्टपणा या दोन गोष्टी तेव्हा एकमेकींना बांधलेल्या होत्या, असे आम्हांला वाटते.

ही गाठ सैल होऊ लागली ती ट्रान्झिस्टरच्या काळात. रेडिओ खिशात, बांधावर, सायकलला टांगून जाऊ लागला. त्याचा शंकू तीन इंचांचा आणि वर्धक अर्ध्या वॉटाचा. अर्धा वॉट आणि ८५ डेसिबल असा हिशेब केला तर ८२ च्या आसपास मजल जाते. व्हॉल्व्हच्या रेडिओपेक्षा सोळा डेसिबल कमी. मोकळ्या रानात हा आवाज पुरत नसे, म्हणून खुंटी शेवटपर्यंत पिळलेली असे आणि फाटका आवाज ही नित्याची गोष्ट झाली. ज्यांनी त्या काळी ट्रान्झिस्टर वापरला त्यांना आणखी एक गोष्ट आठवत असेल. सेल उतरू लागले की तोच आवाज लवकर फाटे. सहा सेलांचे नऊ व्होल्ट उतरून सहावर आले, तर वर्धकाची ताकद निम्म्याहूनही कमी होते आणि लाटेचे माथे खालीच कापले जातात. मग सेल उन्हात ठेवायचे; ते थोडा वेळ तग धरत. वर्धकाच्या मर्यादेचा हा धडा खेड्यापाड्यांतल्या लोकांनी शाळेबाहेरच गिरवला होता.

१९६३ साली फिलिप्सने कॅसेट बाजारात आणली, आणि १९७० साली याच कंपनीचा घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा कारखाना पिंपरीत सुरू झाला. तोपर्यंत या भागाचा चेहरामोहरा पालटू लागला होता. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर भोसरी-चिंचवडकडे आणि पुढे चाकणकडे यंत्रांचे कारखाने पसरत गेले. या कारखानदारीचा घरगुती आवाजाशी एक संबंध आहे, जो सहसा लक्षात येत नाही. पत्रे दाबणाऱ्या यंत्रांच्या विभागात दिवसभर जो गोंगाट असतो त्यासाठी आपल्या कारखाना नियमांनी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा घातली आहे. अशा जागेतून बाहेर पडलेल्या माणसाचे कान काही तास बधिर असतात; श्रवणाचा उंबरठा तात्पुरता वर सरकलेला असतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. असा माणूस घरी येऊन टेप लावील तेव्हा त्याला नेहमीचा आवाज अपुरा वाटणारच. त्याच्या बायकोमुलांना जो आवाज कर्कश वाटतो तो त्याला बेताचा वाटतो. आवाजाच्या आवडीनिवडीला आपण ‘अभिरुची’ म्हणून मोकळे होतो. तिच्यात पाळीचे तास आणि यंत्राचा ठोका किती मिसळलेला असतो याचा विचार समीक्षेत फारसा होत नाही.

कॅसेटने आणखी एक गुंता केला. फितीची स्वतःची मर्यादा असते. तिच्यावर जास्त जोराने मुद्रण केले की ध्वनिक्षेपकापर्यंत पोचण्याआधीच आवाज दबून फाटतो. स्वस्तात उतरवलेल्या कॅसेटी अशा फाटक्याच मिळत. ऐशीच्या दशकात भक्तिगीते, लोकगीते, तमाशातली गाणी, भाषणे असे सारे कॅसेटवर आले आणि प्रथमच घराघरांत पोचले. त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण त्याच काळात एक मोठा श्रोतृवर्ग असा तयार झाला की ज्याच्या कानाला फाटका आवाज हाच मोठ्या आवाजाचा पुरावा वाटू लागला. याला शास्त्रीय आधारही आहे : आवाजात विरूपण मिसळले की तो आहे त्याहून मोठा भासतो. फाटणे हा जो इशारा होता तो आता जोशाचे लक्षण झाला.

त्यानंतरचा टप्पा आकड्यांचा. १९९१ नंतर बाजार खुला झाला, नाना कंपन्यांच्या संगीतयंत्रांनी दुकाने भरली, आणि खोक्यांवर पीएमपीओ ही अक्षरे झळकू लागली. ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’ हा तिचा विस्तार. या राशीची कोणतीही सर्वमान्य व्याख्या नाही. एखाद्या क्षणापुरती निघू शकणारी कल्पित शक्ती घ्यायची, सगळ्या शंकूंची बेरीज करायची, आवाज किती फाटला हे विचारायचे नाही, आणि येईल तो आकडा छापायचा, असा तो प्रकार. समजा, खोक्यावर तीन हजार वॉट लिहिले आहेत आणि यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवर ते घरच्या विजेतून ६० वॉट घेते अशी नोंद आहे. घेतलेल्या विजेहून अधिक वीज यंत्र सतत देऊ शकत नाही. तेव्हा खरी, टिकाऊ शक्ती तीस वॉटांच्या आसपास असणार. बाकीचे वॉट जाहिरातीच्या अलंकारशास्त्रात जमा. अमेरिकेत अशाच फुगवट्याला आळा घालण्यासाठी तेथील व्यापार आयोगाने १९७४ सालीच नियम केला होता : घरगुती वर्धकाची शक्ती सांगताना ती सतत किती आणि विरूपण किती टक्के, हे दोन्ही सांगायचे.

हा दुसरा आकडा, म्हणजे विरूपणाची टक्केवारी, सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच खोक्यावरून गायब होता. प्रामाणिक वाटणाऱ्या तपशीलपत्रातही पुष्कळदा १० टक्के विरूपण धरून शक्ती सांगितलेली असते, आणि १० टक्के म्हणजे कोणाच्याही कानाला उघड जाणवेल इतके फाटणे. न फाटता किती, हा घरातल्या माणसाचा साधा प्रश्न होता. त्याला आकड्यांच्या या युगाने उत्तर दिले ते फाटून किती, याचे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना अतिशयोक्ती हा अलंकार ठाऊक आहे. पण अलंकारात वाचकाला अतिशयोक्ती ही अतिशयोक्ती म्हणून कळते. इथे ती मापाचे सोंग घेऊन आली होती.

पिंपरीचा तो कारखाना २००६ साली बंद झाला. याच सुमारास, हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या शेजारामुळे आणि मुंबई-बेंगळुरू महामार्गामुळे ताथवडे पालटू लागले. वाकड आणि पुनावळे यांच्यामधले हे शेतीचे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत सामावले गेले. अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाची महाविद्यालये आली, पाठोपाठ उंच गृहसंकुले. इथल्या घरांत आता जी ध्वनियंत्रे वाजतात ती मागच्या पिढीहून एका बाबतीत मूलतः वेगळी आहेत. त्यांच्यात एक चिप असते. शंकू आपल्या मर्यादेजवळ आला की ती चिप खर्ज गुपचूप कमी करते, शिखरे दाबते, आणि आवाज फाटू देत नाही. तळहाताएवढ्या ब्लूटूथ यंत्रावर एखादे गाणे आधी हळू आणि मग पूर्ण आवाजात लावून पाहावे. मोठे करताना डग्गा आणि मृदंग हळूहळू मागे सरतात, आणि थाप व कुजबुज एकाच उंचीवर येतात. फाटणे नाही, पण गाण्यातला चढउतारही नाही. मर्यादा नाहीशी झालेली नाही, झाकली गेली आहे.

याचे दोन परिणाम आम्हांला गंभीर वाटतात. पहिला कानाचा. यंत्र मोठे आणि चांगले असेल तर ते ९५ डेसिबलही न फाटता देते. फाटत नाही म्हणून ऐकणाऱ्याला ते मोठे वाटत नाही, आणि तो तासन् तास ऐकत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल अशी आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने ९५ डेसिबलला आठवड्याला जेमतेम सव्वा तास उरतो. जुन्या रेडिओने हा सव्वा तास पुरा होण्याच्या कितीतरी आधी फाटून आपल्याला थांबवले असते.

दुसरा परिणाम शेजाऱ्याचा. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाजगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या हद्दीच्या कडेला या मर्यादेहून ५ डेसिबलपेक्षा अधिक वर जाऊ नये असे सांगितले. पण ज्या मापाने हे डेसिबल मोजतात ते माणसाच्या मंद श्रवणाला अनुसरून खर्जाचे वजन कमी धरते. ६३ कंपनांच्या स्वरातून तब्बल २६ डेसिबल वजा होतात. काँक्रीटची भिंत तीव्र स्वर चांगले अडवते, खर्ज मात्र फारसा अडवत नाही. परिणामी पलीकडच्या खोलीत गाणे पोचत नाही, शब्द पोचत नाहीत, पोचते ती नुसती धपधप, आणि मापकयंत्राला तीही अर्धीमुर्धीच ऐकू येते. अलीकडे बसलेल्या माणसाला आपले यंत्र अगदी स्वच्छ वाजते आहे याची खात्री असते, आणि त्याचे चूकही नसते. वाड्यातल्या रेडिओचे फाटणे मालकाला आणि शेजाऱ्याला एकाच वेळी ऐकू येई. आता दोघांना दोन वेगवेगळ्या गोष्टी ऐकू येतात, आणि त्यांच्यातला वाद म्हणूनच मिटत नाही.

साहित्य आणि नाट्यसंगीत शिकवणाऱ्यांसाठी यात आणखी एक धोका आहे, आणि वर अर्धवट सोडलेला प्रश्न इथे पुन्हा उपस्थित होतो. वर्गात बालगंधर्वांची किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी आज आपण संगणकाला जोडलेल्या एखाद्या छोट्या यंत्रावर ऐकवतो. विद्यार्थ्यांच्या कानांपर्यंत पोचणाऱ्या त्या स्वरावर तीन हात फिरलेले असतात. एक गायकाचा, दुसरा मुद्रणाच्या कर्ण्याचा किंवा मायक्रोफोनचा, आणि तिसरा आपल्या यंत्रातल्या चिपचा. कर्ण्याने जो चढउतार दाबला त्यातला उरलासुरला चिप दाबून टाकते. मग ‘त्या काळचे गाणे एकसुरी होते’ असा निष्कर्ष कोणी काढला तर नवल नाही. पाठचिकित्सेत आपण कवीचा शब्द, नकलकाराची चूक आणि छापखान्याचा दोष वेगळे करायला शिकतो. ऐकण्याच्या बाबतीतही तीच शिस्त हवी.

त्याला महागड्या उपकरणांची गरज नाही. ओळखीचे एखादे मुद्रण घ्यावे, ज्यात तंबोरा, तबला आणि एकच गळा आहे. आवाज हळूहळू वाढवत न्यावा. ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरे जिथे टोचू लागतात, तंबोऱ्यात त्याचा नसलेला एखादा खरखरीत स्वर जिथे मिसळतो, किंवा खुंटी पुढे जाऊनही डग्गा जिथे पुढे येत नाही, तिथे त्या यंत्राची मर्यादा आली असे समजावे आणि दोन घरे मागे यावे. पहिल्या दोन खुणा जुन्या यंत्रांच्या, तिसरी नव्या यंत्रांची. पहिल्या दोन कोणालाही ऐकू येतात. तिसरी ऐकायला डग्गा मुळात किती होता हे ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक होण्यासाठी तो कधीतरी समोर बसून, यंत्राविना ऐकलेला असावा लागतो.